मेंढरं घरी आणायला चार मिनिटं

शेडमध्ये एकूण होतं ते असं. टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट चौदा, त्यांतले दोन तळाशी फुटलेले. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी दोन. पाठीवरचा फवारणीपंप एक, पट्टा नसलेला. लोखंडी पलंग एक. पाच हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर एक, दोन वर्षांपासून बंद. आणि त्या मोटरवर, तिला धूळ लागू नये म्हणून टाकलेली मी, जुनी घोंगडी, एक.

मित्रांनो, मला मोजायची सवय त्या शेडनंच लावली. तिथं दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. माझंही मोजमाप सांगून टाकते. लांबी सहा हात, रुंदी तीन हात, वजन पावणेतीन किलो. कसरीनं पाडलेली भोकं सतरा. ग्रीसचा डाग एक, ताटलीएवढा. वय सदतीस वर्षं. मुक्काम येडगाव, तालुका जुन्नर.

माझा जन्म आठ मेंढ्यांच्या पाठीवर झाला. पाच काळ्या होत्या आणि तीन करड्या. जानकू नावाच्या मेंढपाळानं त्यांची लोकर कातरली. त्याची बायको भिमाबाई आणि धाकटी भावजय लंकाबाई या दोघींनी ती पिंजली आणि कळपामागं चालता चालता कातली. बसून सूत कातायला त्यांना सवडच नसे. मग मंचरकडच्या एका विणकरानं खड्ड्यातल्या मागावर चार दिवस बसून मला विणलं आणि चिंचोक्याची खळ लावली. खळीमुळे माझं अंग सुरुवातीला इतकं ताठ होतं, की मला भिंतीला टेकवून उभी केली तर मी उभी राहत असे. पाण्याचा थेंब माझ्यावर पडला की आत शिरण्याआधी बराच वेळ विचार करी.

पुढची एकोणीस वर्षं मी कामात होते. दिवाळी झाली की जानकूचा कळप येडगावहून निघे, कुकडीच्या खोऱ्यानं पश्चिमेला सरकत घाटघरला पोचे आणि नाणेघाटातून खाली कोकणात उतरे. वळवाचे ढग दिसायच्या आत परत येई. या वाटेवर घाटमाथ्यापर्यंत अकरा मुक्काम होते. उन्हात मी जानकूच्या खांद्यावर असे, थंडीत त्याच्या अंगावर. एखादं कोकरू चालेनासं झालं की माझी खोळ करून त्याला आत बसवत. कोकराच्या अंगाची ऊब कशी असते, ते मला चांगलं ठाऊक आहे.

आणि मुक्कामावर सुंबरान मांडायचं झालं, की मला जमिनीवर अंथरत. सुंबरान म्हणजे मेंढपाळांचं आठवणीचं गाणं. आधी देवांची नावं घ्यायची, मग वाटेची. पुढचा माणूस ओवी गातो, मागचा त्याचा शेवट उचलून घेतो. त्या मागच्या आवाजाला झील म्हणतात. जानकू पुढं गाई, भिमाबाई आणि लंकाबाई झील धरत. याचे दोन नियम होते. घोंगडीशिवाय सुंबरान मांडायचं नाही. आणि मांडलं की ते पुरं झाल्याशिवाय घोंगडीवरून उठायचं नाही.

अठरा वर्षांपूर्वी कळप विकला. चराईची रानं राहिली नाहीत, कालव्याचं पाणी आलं, आणि भिमाबाईचा मुलगा मच्छिंद्र टोमॅटो लावू लागला. मी आधी पलंगावर होते. मग पलंगाखाली गेले. मग पलंगासकट शेडमध्ये गेले. सहा वर्षांपूर्वी जानकू गेला, तेव्हाही मला कुणी बाहेर काढलं नाही. राग धरून मी हे सांगत नाही. क्रम चुकू नये म्हणून सांगते.

मला बाहेर काढलं ते एका गाण्यांच्या उत्सवानं.

पेठ गावची एक मुलगी आहे, श्रेया. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि एका टीव्ही वाहिनीच्या चमूत आवाज मुद्रित करण्याचं काम करू लागली. येडगावच्या जत्रेत तिनं भिमाबाईनं उसन्या घोंगडीवर बसून गायलेलं सुंबरान ऐकलं, फोनवर थोडं टिपून घेतलं आणि आपल्या साहेबांना ऐकवलं. पंधरा दिवसांनी ती साहेबांचा निरोप घेऊन भिमाबाईच्या ओट्यावर आली. तिचं सगळं बोलणं मी शेडच्या पत्र्याआडून ऐकलं.

"आजी, सोळा देशांच्या टीव्ही वाहिन्या मिळून एक उत्सव करतात. प्रत्येक देशानं एक गाणं पाठवायचं. मग सगळ्यांची गाणी सगळ्या देशांत दाखवतात. आपल्याकडून तुमचं गाणं पाठवायचं ठरतंय."

ओट्यावर दादाभाऊ बसले होते. ते देवस्थानचे अध्यक्ष, त्यामुळे गावात कुणाकडेही पाहुणा आला की त्यांना हजर राहावं लागतं.

"पयला नंबर आला तर काय देत्यात?" त्यांनी विचारलं.

"नंबर नसतो, काका. ती स्पर्धा नाही."

"नंबर न्हाई? मंग हारलो का जितलो, कसं कळायचं?"

"कळायचं काही नसतं. एकमेकांचं ऐकायचं."

"ह्ये काय खरं न्हाई राव. क्रिकेट असतं तर..."

"दादाभाऊ," भिमाबाई म्हणाली, "तुमी बिरोबाम्होरं सुंबरान ऐकाय येता, तवा गानाऱ्याला नंबर देता का देवाला?"

दादाभाऊंनी चहाचा कप तोंडाला लावला.

"गाते मी," भिमाबाई श्रेयाला म्हणाली. "पन खाली घोंगडी लागंल."

मच्छिंद्र त्याच दिवशी नारायणगावच्या बाजारातून नवी घोंगडी घेऊन आला. भिमाबाईनं ती दोन बोटांत चोळली, नाकाजवळ नेली.

"ह्यात मेंढरू कुठंय?"

"आये, घोंगडीच हाय ती. धुवायला सोपी."

"ही प्लास्टिकच्या बादली-टपाची भावकी हाय. आपली कुठंय?"

मच्छिंद्र नव्या घोंगडीची घडी घालू लागला.

"आरं, आपली कुठंय?"

"मोटरीवर."

"कशावर?"

"मोटरीवर टाकलीया. मोटर चांगली ऱ्हावी म्हून."

"मोटर चालती का?"

"न्हाई."

"मंग कुनाचं चांगलं केलंस, ते तरी सांग."

त्या संध्याकाळी मी उजेडात आले. रिठ्याच्या पाण्यात मला तीनदा धुतलं, धरणाच्या काठावर खडकावर दोन दिवस वाळवलं. भिमाबाईनं शेजारच्या कळपातली मूठभर लोकर मागून आणली, कातली आणि सतराच्या सतरा भोकं बुजवली. तिचं काम चालू असताना मच्छिंद्र सुईत दोरा ओवून देत होता. ग्रीसचा डाग मात्र गेला नाही.

पहिलं मुद्रण देवळाच्या सभामंडपात एका मंगळवारी सकाळी झालं. साहेब पुण्याहून आले होते, भला माणूस होता. कॅमेरे दोन, माइक तीन. मला मधोमध अंथरलं. भिमाबाई माझ्या उजव्या बाजूला बसली, लंकाबाई डाव्या. भिमाबाईनं डावा हात कानावर ठेवला, उजव्या हाताची चार बोटं माझ्यावर टेकवली आणि त्या बोटांनी ताल धरून सुरू केलं.

देव झाले. मग येडगावची वेस सुटली. अकरा मुक्काम एकेक करून आले. प्रत्येक मुक्कामाला एक ओवी आणि तिच्यामागं लंकाबाईची झील. कळप घाटघरला पोचला, नाणेघाटाच्या तोंडाशी आला.

*लंगडं कोकरू मागं ऱ्हायलं, पायरी त्याला उतरंना*
*घोंगडीची केली खोळ बाई, आत त्याला घेतलं ना...*

इथं साहेबांनी हात वर केला. "बास, बास! फार सुंदर, मावशी. चार मिनिटं झाली. इथून आपण आवाज हळूहळू कमी करत नेऊ आणि संपवू. उत्सवाचा नियम आहे, चार मिनिटांच्या वर एक सेकंद चालत नाही. उठा आता."

भिमाबाई उठली नाही.

"मावशी, झालं तुमचं काम."

"कुठं झालं? मेंढरं घाटात हायेत."

"अहो, पण..."

"अर्धी खाली, अर्धी वर. कोकरू खांद्यावर. आन मी उठू व्हय हितनं?"

साहेब समजुतीनं हसले. लाइट बंद झाले, वायरी गुंडाळायला सुरुवात झाली. भिमाबाईनं पुन्हा कानावर हात ठेवला आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं गायला लागली. लंकाबाईनं झील धरली. माणसं त्यांच्या बाजूनं खोकी उचलून नेत होती. दोघींपैकी एकीनंही मान वळवली नाही. कळप कोकणात उतरला, तिथं राहिला, पुन्हा घाट चढला, तेच अकरा मुक्काम उलटे करत येडगावला आला. मगच दोघी माझ्यावरून उठल्या.

श्रेयानं तिचा एक माइक काढलाच नव्हता. तिनं मोजलेली वेळ साहेबांना दाखवली. मधला खोळंबा वगळून सात मिनिटं दहा सेकंद.

"हे चार मिनिटांत बसणं शक्य नाही," साहेब म्हणाले. "आणि अर्धवट पाठवायला यांची तयारी नाही. आपल्याकडे शहरातलं दुसरं एक गाणं तयार आहे. तेच पाठवू."

"सर, कधीपर्यंत पाठवायचंय?"

"पुढच्या बुधवारी."

"मग मंगळवारपर्यंत थांबा. आठ दिवस द्या."

साहेबांनी श्रेयाकडे पाहिलं, मग मंडपातून घोंगडी घडी घालून नेणाऱ्या भिमाबाईकडे. "आठ दिवस," ते म्हणाले. "मंगळवारी चार मिनिटांच्या आत बसलं, तर हे. नाहीतर ते."

मित्रांनो, भिमाबाईला टीव्हीवर दिसायची हौस होती असं समजू नका. त्या अकरा मुक्कामांपैकी दोन आता धरणाच्या पाण्याखाली आहेत. एक जुन्या पिंपळाचा होता, तो पिंपळ रस्त्यात गेला. चारांची नावं नकाशावर कधी नव्हतीच. ती वाट आता कुणी चालत नाही. क्रमानं सगळे मुक्काम सांगणारी माणसं दोन उरली आहेत, आणि दोघींनाही ते गाण्याशिवाय सांगता येत नाहीत. मध्येच विचारलं तर त्या सुरुवातीपासून गायला लागतात. भिमाबाईचं म्हणणं एवढंच होतं: सोळा देशांत गेलं तर सगळं जाईल आणि परत येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ओट्यावर अंथरलं. श्रेया पेठहून गाडीवर आली होती.

"चार मिनिटं म्हंजे किती गं पोरी?" भिमाबाईनं विचारलं.

श्रेयानं घड्याळ दाखवलं. भिमाबाईनं मान हलवली. "त्ये न्हाई. म्हंजे किती?"

श्रेयाला प्रश्न आवडला असावा. भिमाबाई त्या वेळी शेळी पिळायला निघाली होती. श्रेया तिच्यामागं गेली आणि वेळ मोजली. चार मिनिटं पाच सेकंद.

"एक शेळी पिळून होते तेवढं, आजी. त्याच्याही थोडं आत."

"आत्तं कळलं," भिमाबाई म्हणाली. "शेळी पान्हा चोरती, तशी मीबी थोडी चोरते."

श्रेयानं वहीत गाण्याचे तुकडे पाडले. देवांची नावं पंचावन्न सेकंद. जातानाचे अकरा मुक्काम, प्रत्येकी पंधरा. कोकरू आणि कोकण मिळून पंचवीस. परतीचे अकरा, पुन्हा प्रत्येकी पंधरा. घरी पोचल्याची ओवी आणि तिची तीनदा झील, वीस. बेरीज चारशे तीस. चारशे तीसातून दोनशे चाळीसवर यायचं होतं.

"कोकराचं कडवं काढलं तर?" श्रेयानं घाबरत विचारलं.

"मंग त्ये घाटातच ऱ्हाईल."

श्रेयानं पुन्हा तो प्रश्न काढला नाही, आणि माझ्या खोळीला बरं वाटलं.

देवांमध्ये भिमाबाईनं एकही देव गाळला नाही, फक्त प्रत्येकाच्या दारात थोडं कमी थांबली. सतरा सेकंद वाचले. मग लंकाबाईची पाळी आली. भिमाबाईचा शेवटचा शब्द पुरा होण्याआधीच तिनं झील उचलायची, असं ठरलं.

"म्हंजे तुमचं पुरं व्हायच्या आधी म्या तोंड घालायचं?" लंकाबाई म्हणाली. "सदतीस वर्सं तुमी मला ह्याच्यावरनंच बोलत आलाय, बाई."

"आत्ता परवानगी हाय."

"लिहून द्या. ह्या पोरीच्या वहीत लिहून द्या."

जातानाच्या प्रत्येक मुक्कामाला तीन सेकंद वाचले. गुरुवारी संध्याकाळी गाणं सहा मिनिटं वीस सेकंदांवर आलं आणि तिथं अडकलं. शुक्रवारी सहा वीस. शनिवारी भिमाबाईनं सगळंच भरभर म्हणून पाहिलं, तर पाच पन्नास झालं, पण लंकाबाईला धाप लागली आणि दोघी सातव्या मुक्कामावर एकमेकींच्या अंगावर आदळल्या.

"लांडगा लागल्यावानी पळतोय आपन," लंकाबाई म्हणाली. "ह्यात अर्ध्या गाभन मेंढ्या गाभडतील."

"माझी बोटंच चुकली," भिमाबाई म्हणाली. तिची बोटं माझ्यावर होती, त्यामुळे मला ते आधीच कळलं होतं. ताल धरलेल्या बोटांत वाटेवरच्या एकोणीस वर्षांत मी कधी घाई पाहिली नव्हती.

रविवारी कुणीच गायलं नाही. लंकाबाई लसूण सोलत बसली. भिमाबाई माझी एक सैल झालेली कडा शिवत होती. श्रेया वही मांडीवर ठेवून बसली होती. मग तिनं विचारलं, गाण्यासाठी नव्हे, उगाच जाणून घ्यायला.

"आजी, इथून घाटघरला पोचायला किती दिवस लागायचे?"

"बावीस. मुक्कामाला दोन दिस. चरत चरत जायाचं."

"आणि घाटघरहून परत यायला?"

"तेरा."

"वाट तीच ना?"

"वाट तीच."

"मग तेरा कसे?"

भिमाबाईला प्रश्न वेडगळ वाटला. "आगं, घराकडं तोंड झाल्यावर मेंढरू हाकावं लागत न्हाई. चराय थांबत न्हाई. आपुनच त्याच्या मागं पळायचं."

श्रेयानं वहीकडे पाहिलं. भिमाबाईची सुई माझ्या कडेत अर्धी गेली होती, ती तिथंच थांबली.

"लंके."

"काय?"

"परतीला मुक्कामागनिक झील कुनी घातली?"

"दाजींनी, तुमच्या मालकांनी. त्यांनीच बसवलं तसं."

"त्येंना रातभर गायाचं असायचं. पन खऱ्या वाटंला येताना आपुन कधी मुक्कामाला बसून गायलोय का?"

लंकाबाईनं लसूण खाली ठेवला. "कसलं गातोय. भाकरीबी चालताना खाल्लीया."

"मंग गान्यात मेंढरं का अडवून ठेवतोय आपन?"

तिनं सुई माझ्यातच खोचून ठेवली आणि परतीची वाट गायला लागली. घाटघरहून निघून तीन मुक्काम एका दमात. पुन्हा तीन. पुन्हा तीन. मग दोन, आणि येडगावची वेस. नाव एकही सुटलं नाही. झील एकही नव्हती. शब्द पळत होते, पण माझ्यावरची बोटं घाईत नव्हती. कळप स्वतःहून चालला होता आणि ती मागून येत होती.

एकशे पासष्ट सेकंदांच्या जागी बत्तीस लागले. श्रेयानं दोनदा मोजलं. सगळं गाणं आता चार मिनिटं सात सेकंद.

"आता सातच उरले," श्रेया म्हणाली. "आठ काढले तरी पुरे."

सगळ्यांचे डोळे लंकाबाईकडे वळले. घरी पोचल्याची शेवटची झील तीनदा होती, आणि गावात लंकाबाईचं नाव होतं ते त्या शेवटच्या तीन झिलींसाठी.

"बघा, बघा. फिरून फिरून माझ्याच झिलीला हात," ती म्हणाली. "दोन घ्या. एक माझी हाय. तिला हात लावला तर मी हितं बसनार न्हाई."

सोमवारी तीन मिनिटं सत्तावन्न सेकंद. पाच वेळा गायल्या, पाचही वेळा सत्तावन्न.

मंगळवारी सभामंडपात श्रेयानं मोजलेली माणसं एकशे बारा होती. साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, गाणं चालू असताना शिंकसुद्धा नको. दादाभाऊंनी तेच पुन्हा मोठ्या आवाजात सांगितलं. सुंबरान सुरू झालं. कळप गेला, उतरला, चढला, आला. लंकाबाईनं शेवटची झील दिली. श्रेयाच्या घड्याळात तीन सत्तावन्न झाले, आणि एकशे बारा माणसं एकदम म्हणाली:

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

साहेबांनी डोक्याला हात लावला. गाण्याच्या शेपटावरच आवाज चढला होता. "अहो, शांत बसायचं ठरलं होतं ना?"

"आमी कुठं बोललो?" एकजण म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. सुंबरान पुरं झालं की चांगभलं म्हणायचं असतं, हे इथल्या माणसांना कुणी शिकवत नाही. शिंक अडवता येते, हे येत नाही.

दुसऱ्या वेळी सगळे ओठ घट्ट मिटून बसले. शेवटची झील विरली, आणि फक्त एकच माणूस "चांगभलं!" म्हणाला. दादाभाऊ. ते आजूबाजूला पाहू लागले, जणू कुणी म्हटलं ते शोधत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी तोंडात उपरणं कोंबलं. मग आईच्या मांडीवरचं एक लेकरू बोबड्या आवाजात "तांगबलं" म्हणालं आणि सगळा मंडप हसला.

"सकाळधरनं तीनदा कोकन झालं," लंकाबाई म्हणाली. "पायात गोळं आलं."

साहेब म्हणाले, "मावशी, आता एकच उपाय. लोकांना बाहेर पाठवू. रिकाम्या मंडपात गा."

"मेंढरं घरी आली आन गावात कुनीच न्हाई?" भिमाबाई म्हणाली. "असं मढं पडल्यावानी गान्याचं काय करायचं? मानसं म्हनू द्या. त्येबी गान्यातच धरा."

श्रेयानं आजचं पहिलं मुद्रण पुन्हा ऐकलं. "चांगभलंला सहा सेकंद लागतात," ती म्हणाली. "सत्तावन्न आणि सहा. चार मिनिटं तीन सेकंद होतात."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या गाण्याची फाइल त्यांच्या फोनमध्ये तयार होती. बॅटरी बदलायला दहा मिनिटं लागणार होती. तेवढ्यात शेवटचा निर्णय करायचा होता.

लंकाबाई माझ्यावरच बसून होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पोरी, माझी शेवटची झील किती?"

"पाच सेकंद."

"काढ."

"काकू, पण ती तर तुमची..."

"झील म्हंजे काय? मागनं येनाऱ्या मानसाचा आवाज. आज मागं एवढी मानसं हायेत." मग ती भिमाबाईकडे वळून म्हणाली, "आन बाई, माझी झील घालवून जर दादाभाऊ एकटाच वरडला, तर तुमाला सोडनार न्हाई."

मित्रांनो, बॅटरी बदलेपर्यंत माझं मागणं सांगून घेते. मी लोकर आहे, आणि लोकर आठवणीनं जपावी लागते. घरात घोंगडी असेल तर वर्षातून दोनदा तिला कडक ऊन दाखवा, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, दर दोन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला. भोक दिसलं तर ते गव्हाच्या दाण्याएवढं असतानाच शिवा. बंद मोटरवर टाकायला दुसरं काहीही चालेल. आणि घरात कुणी जुनी माणसं काही म्हणायला लागली, की तुम्हाला घाई असली तरी मध्येच हात वर करू नका. त्यांची मेंढरं घाटात असतील. ती कुठून निघाली, कुठं थांबली, हे त्यांनाच ठाऊक असतं. वेळ कमी असेल तर तो किती आहे ते त्यांना सांगा, आणि घरी कसं पोचायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

बॅटरी बसली. भिमाबाईनं डावा हात कानावर ठेवला. चार बोटं माझ्यावर आली.

देव आले. वेस सुटली. अकरा मुक्काम, अकरा झिली, प्रत्येक झील आधीच्या शब्दाला खांदा लावून उचललेली. नाणेघाटाच्या पायऱ्या. कोकरू. कोकण. मग तोंड घराकडं झालं. तीन, तीन, तीन, दोन. भिमाबाईनं घरी पोचल्याची ओवी म्हटली आणि थांबली. लंकाबाईनं झिलीसाठी घेतलेला श्वास तसाच धरून ठेवला आणि हात वर करून लोकांकडं दाखवला.

एकशे बारा माणसांचा आवाज फरशीतून माझ्या धाग्याधाग्यांत चढला.

तो पुरता विरेपर्यंत श्रेया थांबली. मग तिनं बटण दाबलं, आकडा पाहिला आणि मोठ्यानं वाचला.

तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.